चांदणीच्या जागची नावं

आमच्या सरांसमोर ‘सगळे’ हा शब्द जपून वापरावा लागे. “सर, सगळे आलेत, सुरू करू या का?” असं कोणी म्हटलं की ते हातातला खडू खाली ठेवत आणि विचारत, “सगळे म्हणजे कोण?” मग बोलणाऱ्याला मागे वळून एकेकाचं नाव घ्यावं लागे. नावं घेता घेता हमखास ध्यानात येई की कोणीतरी अजून स्टँडवरच आहे. सर मग खिडकीबाहेर बघत बसत, आणि तो येईपर्यंत आम्ही ताटकळत राहायचो. मला याचा फार राग यायचा. मी सोनईची, नगरला मामाकडे राहून शिकत होते, आणि वर्ग उशिरा सुटला की मामीचं फुगलेलं तोंड मला बघावं लागायचं, सरांना नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नगरच्या एका कॉलेजात संध्याकाळी कॉम्प्युटरचा डिप्लोमा चालायचा, त्या वर्गाचे हे सर. कॉम्प्युटरच्या खोलीत यंत्रांसाठी म्हणून एसी लावलेला होता. माणसांसाठी कॉलेजात तो कुठेच नव्हता. सर त्या खोलीत तपकिरी स्वेटर घालत आणि बाहेर पडताना काढायला विसरत. एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालून सायकल मारत चाललेला माणूस दिसला की चितळे रोडवरचे दुकानदार एकमेकांना खुणा करत. सरांच्या घरी बाई होत्या, म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून आम्हीही त्यांना बाईच म्हणायचो. बाई म्हणायच्या, “मी सांगून थकले. यांना घाम आलेलाही दुसऱ्या कोणीतरी सांगावा लागतो.”

तरुणपणी सरांनी मुंबईत एका मोठ्या यंत्रावर काम केलं होतं. त्याला पडदा नव्हता. टाइप केलेलं आणि यंत्राचं उत्तर, दोन्ही कागदावर खडखडत उमटायचं. तिथे ते युनिक्स, म्हणजे कॉम्प्युटरला कामाला लावणारी मूळ यंत्रणा, शिकले, आणि मग जन्मभर त्यांनी दुसऱ्या कशालाही यंत्रणा म्हटलं नाही. युनिक्सच्या यंत्राच्या जोडीला डॉस नावाच्या साध्या यंत्रणेवर चालणारे कॉम्प्युटर आमच्या वर्गात आले, तेव्हा सरांनी त्यांच्याकडे पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईकडे मधुमेही माणूस बघतो तसं पाहिलं.

युनिक्समध्ये फायलींची नावं अर्धी लिहून पुढे स्टार, म्हणजे * ही खूण, दिला की त्या अर्ध्याशी जुळणाऱ्या फायली एका झटक्यात मिळतात. प्रश्नचिन्ह दिलं तर तेवढं एकच अक्षर मोकळं राहतं. बाकीचं जग त्याला स्टार म्हणतं, सर चांदणी म्हणत. ही चांदणी त्यांनी आम्हाला पहिल्या सहामाहीत वापरूच दिली नाही. प्रत्येक फाईलचं नाव पुरतं टाइप करायचं. बोटं दुखायची, चुका व्हायच्या, पोरं कुरकुरायची. सर म्हणायचे, “आधी नावं पाठ होऊ देत. ज्याला नावं माहीत नाहीत त्याच्या हातात चांदणी देणं धोक्याचं.”

दुसऱ्या सहामाहीत त्यांनी चांदणी शिकवली ती अशी. एकाला वर्गाच्या दारात उभं केलं आणि एकाला टेबलाशी बसवलं. फळ्यावर लिहिलं, ‘उभे करा: म चांदणी’. टेबलाशी बसलेल्याला फळ्याकडे पाठ करून बसायचं होतं. दारातल्याने फळा वाचायचा, वर्गात फिरून प्रत्येकाचं तोंड बघायचं, ‘म’ने सुरू होणारी नावं गोळा करायची आणि टेबलाशी जाऊन सांगायची: मंगल, महेश, मीना. टेबलावाल्याने तेवढ्यांना उभं करायचं. मग सर त्याला विचारत, “तू चांदणी पाहिलीस?” तो म्हणे, “नाही सर, मला नुसती नावंच ऐकू आली.” सरांचा चेहरा असा खुले की आम्हालाही बरं वाटे.

“सुरुवातीला हे खरोखर असंच होतं,” ते सांगायचे. “यंत्राची मेमरी एवढीशी. हुकूम घेणाऱ्या प्रोग्रामला नावं शोधत बसायला जागा नव्हती. म्हणून ते काम बाजूच्या एका लहान प्रोग्रामकडे दिलं. ओळीत चांदणी दिसली की ती ओळ त्याच्या हवाली. तो फायलींमधून फिरायचा, जुळतील ती नावं चांदणीच्या जागी भरायचा, आणि मग खरा हुकूम चालायचा. एकही नाव जुळलं नाही तर ‘जुळत नाही’ म्हणून थांबायचा. पुढे मेमरी वाढली, त्याचं काम मोठ्या प्रोग्रामने गिळलं. आता काही जुळलं नाही तर तोच चांदणी तशीच पुढे ढकलून देतो. सापडलं नाही म्हणायची त्याला लाज वाटते.” त्या दारातल्या लहान प्रोग्रामबद्दल ते घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत.

पण त्यांचा खरा ध्यास वेगळाच होता. चांदणी पहिल्यांदा कोणाला सुचली, हे त्यांना हवं होतं. युनिक्सच्याही आधी, अनेक जण मिळून वापरायच्या मोठ्या यंत्रांवर नावाच्या जागी चांदणी चालायची, इथपर्यंत त्यांचा शोध पोचला होता. त्याच्या मागे काही दिसत नव्हतं. एकदा एक जण म्हणाला, “सर, कोणीतरी आळशी माणूस असेल, टाइप करायचा कंटाळा आलेला.” सर चिडले. मी त्यांना चिडलेलं फार थोड्या वेळा पाहिलं. ते म्हणाले, “आळशी नव्हता तो. त्याला नाव पुरतं आठवत नव्हतं, पण फाईल हवी होती. अर्धं आठवत होतं तेवढं त्याने लिहिलं आणि बाकीची जागा मोकळी सोडली.” हे खरं होतं की त्यांनी मनानेच ठरवलेलं, मला आजही सांगता येणार नाही.

घरी आणि देवळातही हाच प्रकार. सर ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणणारे, रविवारी उपासनेला न चुकता जाणारे. पाळक प्रार्थनेत म्हणायचे, “सर्व आजाऱ्यांसाठी आणि सर्व दुःखितांसाठी,” की मागच्या बाकावरून सरांचं पुटपुटणं सुरू व्हायचं: कोणाची आजारी सून, कोणाचा पाय मोडलेला शेजारी, मेसवाल्या मावशी. पाळक पुढच्या ओळीवर गेलेले असत आणि सर अजून दुसऱ्या गल्लीतच. बाई त्यांना कोपर मारायच्या. माझ्या लग्नाचं निमंत्रण द्यायला आमचे दादा, म्हणजे माझे वडील, सोनईहून आले तेव्हा म्हणाले, “सर, समद्यांनी यायचं बरं का.” सर गंभीरपणे म्हणाले, “समद्यांनी म्हणजे कोणी?” दादा गोंधळले. मग म्हणाले, “तुमी या, बाईस्नी आना, आन् ह्ये शेजारचं म्हातारं बसलंय त्यालाबी आना.” सर खरोखरच त्या म्हाताऱ्याला घेऊन लग्नाला आले, आणि पंगतीत त्याच्या शेजारी बसून जेवले.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसायचोही. पण आता मला किसनबद्दल सांगायला हवं. सर म्हटलं की मला हसू येण्याच्या आधी किसन आठवतो.

किसन राजूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीचा. आमच्यापेक्षा वयाने मोठा. नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होता. पत्रा दाबायचं मशीन, सगळा दिवस हात त्याच्या जबड्यात घालायचे आणि काढायचे. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. कारखान्यात नवीन कॉम्प्युटर खोली होत होती, आणि साहेबांनी त्याला शब्द दिला होता की डिप्लोमा पास झालास तर तुला तिकडे घेतो. त्याची दोनदा परीक्षा हुकली होती, एकदा कामामुळे, एकदा टायफॉइडमुळे. ही शेवटची संधी होती. नियमच तसा होता. या वेळी गेलं की पहिल्यापासून नवा प्रवेश. हे आम्हाला ठाऊक होतं आणि सरांनाही ठाऊक होतं.

पहिली पाळी संपवून तो थेट वर्गात यायचा, सर्वांच्या आधी. हाताला तेलाचा वास असायचा, म्हणून की-बोर्डला हात लावायच्या आधी तो रुमालाने एकेक बोट पुसायचा. सरांना तो फार आवडायचा. परीक्षेसाठी प्रत्येकाने एक प्रोग्राम लिहायचा होता. किसनने दारातल्या माणसाचाच प्रोग्राम घेतला. नावं द्यायची, चांदणी आणि प्रश्नचिन्ह घातलेलं अर्धं नाव द्यायचं, आणि जुळतील ती नावं त्याने सांगायची. त्याने तो कोणाचीही मदत न घेता केला. चालला त्या संध्याकाळी त्याने मला खिडकीशी बोलावून दाखवला. “बघ, ‘म’ टाक आन् चांदनी टाक.” महेश, मंगल, मीना अशी नावं पडद्यावर ओळीने आली. त्याला हसू आवरत नव्हतं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात युनिक्सचं यंत्र बंद पडलं. विजेचा दाब वरखाली होऊन त्याची डिस्क गेली. सुदैवाने सरांनी आमचे प्रोग्राम आदल्याच दिवशी फ्लॉपीवर उतरवून घेतले होते. ते आता डॉसच्या एका कॉम्प्युटरवर चढवले आणि आम्ही ते तिथे चालतील असे करून घेतले. फ्लॉप्या मोजक्याच होत्या, त्या पुसून दुसऱ्या वर्गाला दिल्या गेल्या. प्रत्येकाच्या नावाच्या दोन फायली झाल्या: जुन्या फाईलच्या नावाच्या शेवटी एकचा आकडा, सुधारलेल्या फाईलच्या शेवटी दोनचा. परीक्षकांना गोंधळ नको म्हणून परीक्षेच्या आदल्या दुपारी सर जुन्या फायली पुसायला बसले. मी आणि किसन शेजारी उभे होतो.

युनिक्सवर काही पुसायच्या आधी सरांची एक रीत होती. पुसायचा हुकूम देण्याआधी तेच अर्धं नाव ‘एको’पुढे लिहायचं. मग यंत्र जुळणारी नावं वाचून दाखवतं. ती नीट बघायची, आणि मगच पुसायचं. आमच्याकडून त्यांनी हे इतक्या वेळा घोटून घेतलं होतं की मी आजही विचार न करता तेच करते. त्या दुपारीही त्यांनी आधी एको लिहिलं, पुढे चांदणी, एकचा आकडा, आणि फायलीची जात, म्हणजे नावानंतर टिंब देऊन लिहितात ती अक्षरं. डॉसने जसंच्या तसं परत दाखवलं: चांदणी, एक, आणि जात. नाव एकही नाही. डॉसमध्ये एको नावं शोधत नाही. सर हसले. “मुकं आहे हे,” म्हणाले, आणि पुसायचा हुकूम देऊन मोकळे झाले.

डॉसमध्ये फायलींची यादी बघायचा दुसरा साधा हुकूम होता. तो कोणत्याही पोराला येत होता. सरांना त्या यंत्राशी तेवढंही बोलायचं नव्हतं. आणि त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. जुन्या डॉसमध्ये चांदणी आली की तिच्यापासून पुढची सगळी जागा प्रश्नचिन्हांनी भरली जाते, आणि नावात चांदणीनंतर काय लिहिलंय ते वाचलंच जात नाही. त्यांनी लिहिलेला एक त्या यंत्राने पाहिलाच नाही. शेवटी एक असलेल्या, शेवटी दोन असलेल्या, सर्वांच्या सर्व फायली त्याने न विचारता पुसल्या.

हे लगेच कळलं नाही. ऑफिसातले हेडक्लार्क आले, त्यांना उद्याच्या बैठकव्यवस्थेची नोटीस टाइप करायची होती. सरांनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी निवांत टाइप केली, त्याच डिस्कवर ठेवली, छापली आणि गेले. मग किसन म्हणाला, “सर, एकदा माजा चालवून बघू का?” त्याने नाव टाइप केलं. अशी फाईल नाही, असं उत्तर आलं. त्याने पुन्हा टाइप केलं. मग सरांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः टाइप केलं. सरांची बोटं थांबली.

डॉसमध्ये पुसलेली फाईल परत आणायची एक सोय होती. यंत्र पुसताना फाईल खरी पुसत नाही. नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडून ठेवतं, आणि ती जागा रिकामी समजून पुढे वापरतं. परत आणायला गेलं की ते प्रत्येक नाव पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घालून दाखवतं आणि विचारतं, इथे कोणतं अक्षर होतं? सरांनी तो हुकूम दिला आणि पडद्यावर एकेक करून डोकं नसलेली नावं यायला लागली. सर एकेक अक्षर देत गेले. प्रत्येक वेळी ते नाव मोठ्याने म्हणत. मंगल. महेश. दत्तू. एका नावाला ‘म’ही चालला असता आणि ‘ल’ही, कारण वर्गात मीना होती तशीच लीनाही होती. सरांनी आत डोकावून लिहिण्याची ढब बघितली आणि म्हणाले, “ही लीना.” त्यांना आमचं लिहिणं हस्ताक्षरासारखं ओळखू येत होतं.

किसनची नावं आली. सरांनी अक्षर दिलं. दोन्ही वेळा यंत्राने सांगितलं की ही फाईल परत आणता येत नाही, तिची जागा दुसऱ्या फाईलने घेतली आहे. रोज सर्वांच्या आधी येऊन तो पहिला बसायचा, म्हणून त्याच्या दोन्ही फायली डिस्कवर सर्वांच्या पुढे होत्या. त्यामुळे हेडक्लार्कांची नोटीस जाऊन बसली ती नेमकी त्या दोन्हींवर. बाकी प्रत्येकाचं मिळालं. किसनचं एक अक्षरही मिळालं नाही.

प्राचार्य आले. ते वाईट माणूस नव्हते, घाईतले माणूस होते. “सगळ्यांच्या मिळाल्या ना? मग झालं,” ते म्हणाले.

“सगळ्यांच्या नाही,” सर म्हणाले. “किसनची नाही.”

“अहो, मग दुसऱ्या कोणाची तरी त्याच्या नावाने ठेवून द्या. थोडं इकडचं तिकडे करा. परीक्षक पुण्याहून येणार, त्यांना गाडी गाठायची असते. कोण बघतंय?”

“ती किसनची असणार नाही.”

“मुलाचं वर्ष जाईल.”

“चूक माझी आहे. मी उद्या परीक्षकांना सांगेन आणि त्यांच्याकडे वेळ मागेन. त्याचं काम त्याला येतं. तो त्यांच्यासमोर लिहील.”

हे बोलणं चाललं होतं तेव्हा किसन दाराशी उभा होता, हातात रुमाल घट्ट धरून. त्याला कोणीच काही विचारलं नाही. मला त्या वेळी सरांचा अभिमान वाटला होता, इतका की डोळे भरून आले. किसनच्या तोंडाकडे मी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी परीक्षकांना उभं राहून सांगितलं, “माझ्या हातून या विद्यार्थ्याचं काम पुसलं गेलं.” परीक्षक सज्जन होते. इतरांच्या तोंडी परीक्षा होईपर्यंत किसनने पुन्हा लिहावं, असं ते म्हणाले. किसन कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसला. महिनाभर हळूहळू जे केलं ते त्याला एका बैठकीत करायचं होतं, आणि परीक्षेसाठी रजा मिळणार नाही म्हणून आदल्या दिवशीच्या पहिल्या पाळीनंतर तो रात्रपाळीही करून आला होता. सर त्याच्याकडे बघणार नाहीत अशा बेताने भिंतीकडे तोंड करून बसले. मदत केल्यासारखं दिसू नये म्हणून. परीक्षकांनी शेवटी त्याचा प्रोग्राम चालवला. प्रश्नचिन्ह बरोबर जुळत होतं. चांदणी अर्ध्यात राहिली होती. तिच्या जागी एकाहून जास्त अक्षरं आली की प्रोग्राम गप्प बसायचा.

किसन नापास झाला. सरांनी वरच्या ऑफिसला सगळं लिहून कळवलं, स्वतः दोनदा जाऊन आले. पण नियम तो नियमच राहिला.

निकालानंतर किसन कारखान्यातून सुट्टी घेऊन गावी गेला आणि परत आला नाही. सरांनी ठरवलं की त्याच्या घरी जाऊन सांगायचं. बाई बरोबर निघाल्या, आणि रस्ता मला थोडा ठाऊक आहे म्हणून मलाही घेतलं. संगमनेर, अकोले करत राजूरला पोचलो तेव्हा बाजार भरला होता. किसन आणि त्याचा बाप तांदळाची पोती मांडून बसले होते. बापाने आम्हाला बसायला एक रिकामं पोतं झटकून दिलं.

सर बसले नाहीत. “तुमच्या मुलाचं वर्ष माझ्या चुकीने गेलं,” ते म्हणाले. “त्याचा काही दोष नाही. हे माझ्या तोंडून तुम्हाला कळावं म्हणून आलो.”

“येवढ्या लांबून ह्ये सांगाया आला व्हय मास्तर?” बाप म्हणाला. “बरं मग, आता फुडं काय करायचं?”

“नवा प्रवेश घेऊ. मी त्याला रोज बसवून शिकवीन. जे गेलं ते सगळं पुन्हा करून घेईन.”

किसन पोत्याचं तोंड बांधत होता. त्याने मान वर केली नाही. “न्हाई सर,” तो म्हणाला. “आता बास झालं.”

“किसन—”

“प्राचार्य म्हनत हुते, दुसऱ्याची फाईल ठिऊ. तुमी न्हाई म्हनला. मी थितंच दारात उभा हुतो सर. मला इचारलं का तुमी?”

त्याने पोत्याची गाठ ओढून घट्ट केली.

“तुमचं खरं राह्यलं. माजं वर्स गेलं.”

“ए, मास्तरांसंग असं बोलत्यात व्हय?” बाप ओरडला. सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. “बोलू द्या,” ते म्हणाले. “तो बरोबर बोलतोय.” बाईंनी पदर तोंडाला लावला. मला किसनचा भयंकर राग आला, आणि परतीच्या एसटीत संगमनेर येईपर्यंत तो टिकला. मग मीच सरांना म्हटलं, “सर, तुम्ही वागलात ते बरोबरच होतं.” सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “हो. पण त्याला विचारायला हवं होतं.”

त्यानंतर त्यांच्यात एकच बदल झाला. बाकी स्वेटर तोच, सायकल तीच, ‘सगळे म्हणजे कोण’ तेच. पण कोणा विद्यार्थ्याबद्दल काही ठरवायची वेळ आली, गैरहजेरी असो की दंड असो, की ते त्या पोराला समोर बसवून विचारत, “तुझं काय म्हणणं आहे?” आणि ऐकून घेत. पुष्कळदा त्याचं म्हणणं चुकीचं असे आणि सर तसं सांगतही, पण विचारल्याशिवाय राहत नसत. पुढे मी त्याच कॉलेजात लॅब असिस्टंट होते काही वर्षं, तेव्हा हे जवळून पाहिलं. प्रत्येक नव्या वर्गाला चांदणी शिकवून झाली की ते स्वतःची ती चूक सांगत, डॉसने काय केलं ते फळ्यावर काढून दाखवत, आणि किसनचं नाव घेऊन सांगत. आपण खरं बोललो, हा भाग मात्र ते कधी सांगत नसत.

मी आता नागापूरलाच एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आहे. सर निवृत्त झाले, मग खूप म्हातारे झाले. शेवटची दोनतीन वर्षं त्यांचं मन जागेवर राहत नव्हतं. सकाळी जेवले की नाही हे त्यांना आठवत नसे, पण जुन्या गोष्टी मध्येच लख्ख वर येत. शेवटी शेवटी ते अंथरुणालाच खिळले. मी किसनचा नंबर मिळवून त्याला फोन केला. तो आता राजूरच्या स्टँडवरून पॅसेंजर जीप चालवतो. मी सांगितलं, सरांचं काही खरं नाही. तो “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, हा काही येत नाही.

तो आला. एका दुपारी मी सरांकडे बसले होते तेव्हा दारात उभा राहिला, केस पांढरे झालेले, बगलेत तांदळाची पिशवी. बाईंनी त्याला ओळखलं आणि त्यांना रडू फुटलं. तो कॉटजवळच्या स्टुलावर बसला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, पण ओळख लागली नाही.

“कुठले आपण?” त्यांनी विचारलं.

“राजूरकडचा हाय सर.”

सरांचे डोळे एकदम जागे झाले. ते उठायला बघू लागले, तसा मी त्यांच्या पाठीला हात दिला. “राजूरचे? मग आमचा किसन तुमच्या ओळखीचा असेल. त्याच्या परीक्षेचं काय झालं हो? पास झाला का तो?”

बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी किसनकडे. तो मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होता.

“झाला की सर,” तो म्हणाला.

“स्वतःच्या फायलीवर?”

“व्हय सर. सोताच्याच.”

“बरं झालं,” सर म्हणाले, आणि उशीवर मागे रेलले. किसनने उठून त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि परत स्टुलावर येऊन बसला.